तीनशे वर्षांची राखण आणि अकरा महिन्यांचे कंत्राट

(तंजावर येथील कामगार अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला दिलेला विषय आहे, अणुकेंद्रांतील किरणोत्सारी कचऱ्याचे नियमन आणि त्याबाबतचे धोरण. विषय ऐकून काही जणांच्या मनात येईल की हा शास्त्रज्ञांचा आणि अधिकाऱ्यांचा प्रांत आहे, युनियनचा इथे काय संबंध? संबंध सरळ आहे. हा कचरा कोणीतरी हाताळतो. टाकीतून नमुना काढणारा, व्हॉल्व्ह फिरवणारा, पिंप सील करणारा, दूषित हातमोजे आणि फडकी गोळा करणारा, खंदकावर काँक्रीटचे झाकण बसवणारा माणूस कामगार असतो. नियम दिल्लीत आणि मुंबईत लिहिले जातात. ते पाळले जातात की मोडले जातात हे मात्र त्याच्या पाळीत ठरते.

हा वर्ग तंजावरला भरतो आहे हेही योग्यच झाले. इथून ईशान्येला समुद्रकाठी कल्पाक्कम आहे, दक्षिणेच्या टोकाशी कुडनकुलम आहे. महाराष्ट्रातल्या साथींना तारापूर आणि ट्रॉम्बे जवळचे, कर्नाटकातल्या साथींना कैगा. तामिळ साथींसाठी भाषांतर चालू आहे, म्हणून मी थांबत थांबत बोलेन.

मला मुख्यतः एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती आधीच सांगून टाकतो. अणुकचऱ्याची राखण पिढ्यान्‌पिढ्या करावी लागते. ती करणारा माणूस मात्र दिवसेंदिवस कंत्राटी होत चालला आहे. तीनशे वर्षांची राखण अकरा महिन्यांच्या कंत्राटावर होत नाही. ज्याला उद्याची नोकरी माहीत नाही त्याच्यावर नातवंडांच्या सुरक्षिततेचा भार टाकणे ही फसवणूक आहे, आणि ती त्याचीही आहे व जनतेचीही.

कचरा म्हणजे काय?

आधी शब्द समजून घेऊ. अणुभट्टीत वापरून झालेले इंधन बाहेर काढतात तेव्हा ते अतिशय गरम आणि अतिशय किरणोत्सारी असते. ते काही वर्षे पाण्याच्या तलावात ठेवावे लागते. आपल्या देशाने सुरुवातीपासून या इंधनावर पुनर्प्रक्रिया करण्याचे धोरण स्वीकारले. म्हणजे जळके इंधन आम्लात विरघळवून त्यातले प्लुटोनियम आणि युरेनियम वेगळे काढायचे. ट्रॉम्बेचा पहिला पुनर्प्रक्रिया प्रकल्प १९६४ सालचा. त्यानंतर तारापूरचा आला, आणि १९९८ मध्ये कल्पाक्कमचा. हे पदार्थ काढून घेतल्यावर जो द्रव उरतो तो उच्च पातळीचा कचरा. आकारमानाने तो थोडा, पण केंद्रातल्या एकूण किरणोत्साराचा बहुतेक भाग त्यातच असतो.

याखेरीज मध्यम आणि निम्न पातळीचा कचरा असतो. गाळण्या, रेझिन, जुने पंप, पाइपांचे तुकडे, धुण्याचे पाणी, कामाचे कपडे हे सारे त्यात आले. आकारमानाने हाच सर्वांत मोठा, आणि कामगाराचे हात अधिक करून यालाच लागतात. द्रव असेल तर रासायनिक प्रक्रियेने किंवा बाष्पीभवनाने तो आटवतात आणि सिमेंटमध्ये बांधतात. घन असेल तर केंद्राच्या आवारातच पुरतात. कमी तीव्रतेचा दगडी बांधणीच्या खंदकात जातो, त्याहून जास्त असेल तर काँक्रीटच्या खंदकात, आणि आणखी तीव्र असेल तर जमिनीत उभ्या गाडलेल्या, पोलादाचे अस्तर असलेल्या नळकांड्यांत, ज्यांना आपले कामगार टाइल होल म्हणतात.

उच्च पातळीच्या द्रवाची वाट वेगळी. तो बोरोसिलिकेट काचेत मिसळून वितळवतात आणि स्टेनलेस स्टीलच्या डब्यात ओततात. तारापूरला हे काम १९८५ च्या सुमारास सुरू झाले, पुढे ट्रॉम्बे आणि कल्पाक्कमलाही प्रकल्प झाले. जगात फार थोड्या देशांना हे तंत्र साधले आहे, आणि ते आपल्या तंत्रज्ञांनी व कामगारांनी स्वतःच्या हिमतीवर उभे केले. त्याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असायला हवा. अमेरिकेत हॅनफर्ड येथे असाच द्रव दुसऱ्या महायुद्धापासून जमिनीखालच्या १७७ टाक्यांत साठवला गेला; त्यांतल्या अनेक टाक्या गळल्या. सोव्हिएत रशियात मायाक येथे २९ सप्टेंबर १९५७ रोजी कचऱ्याच्या टाकीची थंड करण्याची व्यवस्था बंद पडून टाकीचा स्फोट झाला आणि ती गोष्ट सरकारने कित्येक वर्षे दडवून ठेवली. काचेत बांधलेला कचरा टाकीतल्या द्रवापेक्षा कितीतरी सुरक्षित असतो. पण काच होईपर्यंत तो टाकीतच असतो, आणि टाकीजवळ माणूस असतो. हे ध्यानात ठेवा, कारण कल्पाक्कमची गोष्ट टाकीजवळच घडली.

तीनशे वर्षे म्हणजे किती?

या कचऱ्यात सीझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९० हे दोन मुख्य घटक आहेत. दर तीस वर्षांच्या आसपास त्यांचा किरणोत्सार निम्मा होतो. तीस वर्षांनी निम्मा, साठ वर्षांनी पाव. असे दहा वेळा झाले म्हणजे हजारावा हिस्सा उरतो. दहा गुणिले तीस, तीनशे वर्षे. आवारात पुरलेल्या कचऱ्यावर साधारण तीनशे वर्षे नजर ठेवावी लागते असे जगभर मानले जाते, ते या हिशेबाने. प्लुटोनियम-२३९ ला निम्मे व्हायलाच चोवीस हजार वर्षे लागतात. तो हिशेब आपण तूर्त बाजूला ठेवू.

तीनशे वर्षे हा आकडा बोलायला सोपा आहे. तंजावरात उभे राहून तो मोजून पाहा. व्यंकोजीराजांनी इथे मराठी राज्य स्थापले ते १६७५-७६ च्या सुमारास, आणि कंपनी सरकारने ते खालसा केले १८५५ मध्ये. म्हणजे पहिल्या राजापासून शेवटच्या राजापर्यंत सारे राज्य सुमारे १८० वर्षांत आटोपले. खंदकातल्या हातमोज्यांची राखण त्याहून सुमारे एकशेवीस वर्षे अधिक करायची आहे. त्या राज्याचा कारभार मोडीत चाले. त्या कागदांचे गठ्ठे सरस्वती महाल ग्रंथालयात जपून ठेवले आहेत, पण ते वाचू शकणारी माणसे आज बोटांवर मोजण्याइतकी. सरफोजीराजांनी १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या मंदिरात भोसले घराण्याचा इतिहास मराठीत दगडावर कोरवून घेतला. दगड शाबूत आहे, अक्षरे शाबूत आहेत. पण समोरून जाणाऱ्या शंभरांतल्या किती जणांना ती वाचता येतात?

सांगायचे एवढेच की राज्ये जातात, लिप्या जातात, खाती आणि कंपन्या तर त्याआधीच जातात. कोणत्या खंदकात काय पुरले, कोणत्या डब्यात काय ओतले, याची नोंद पिढीकडून पिढीकडे द्यायची असेल तर ती देणारी माणसे जागेवर टिकली पाहिजेत. जुन्या कामगाराने नव्याला शेजारी उभे करून शिकवले पाहिजे. दर वर्षी ठेकेदार बदलला की ही साखळी तुटते.

कल्पाक्कम, २१ जानेवारी २००३

आता प्रत्यक्ष घडलेली गोष्ट. कल्पाक्कमचा पुनर्प्रक्रिया प्रकल्प भाभा अणुसंशोधन केंद्राच्या अखत्यारीतला. तिथे कचऱ्याच्या टाक्यांचा एक विभाग आहे. २१ जानेवारी २००३ रोजी काही कर्मचारी तिथे निम्न पातळीच्या कचऱ्याचा नमुना घ्यायला गेले. नेहमीचे काम. त्यांना ठाऊक नव्हते की एक व्हॉल्व्ह निकामी झाला आहे आणि उच्च पातळीचा द्रव तिथवर आला आहे. हे सांगणारे यंत्रही तिथे नव्हते. प्रकल्प सुरू होऊन जवळजवळ पाच वर्षे झाली होती, पण त्या भागात किरणोत्सार मोजणारा मॉनिटर बसवलेला नव्हता आणि व्हॉल्व्ह बिघडल्याची सूचना देणारी कोणतीही सोय नव्हती. नमुना प्रयोगशाळेत गेला, तपासला गेला, तेव्हा कळले. तोवर सहा जणांना वर्षाच्या मर्यादेच्या कितीतरी पट मात्रा बसून गेली होती. आपल्या नियमाप्रमाणे किरणोत्सारात काम करणाऱ्याला कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त आणि पाच वर्षांत मिळून १०० पेक्षा जास्त मात्रा बसता कामा नये.

पुढचे युनियनच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. तिथल्या कर्मचारी संघटनेने संचालकांना लेखी पत्र दिले. त्यात सुरक्षेच्या दहा मागण्या होत्या. त्यांतली एक होती पूर्णवेळ सुरक्षा अधिकारी नेमण्याची. विचार करा, देशातल्या अत्यंत धोकादायक जागेवरचे कामगार पगारवाढ मागत नव्हते, बोनस मागत नव्हते, सुरक्षा अधिकारी मागत होते. त्याआधीच्या दोन वर्षांतल्या अशाच दोन घटनांची आठवणही पत्रात दिलेली होती. उत्तर आले नाही. काही महिन्यांनी नाइलाजाने संप झाला. संपाचे उत्तर मात्र तत्परतेने आले: पुढाकार घेणाऱ्यांच्या बदल्या आणि बाकीच्यांना धमक्या. संप मोडला. शेवटी बातमी वर्तमानपत्रांत पोहोचली तेव्हा, घटनेनंतर सुमारे सहा महिन्यांनी, व्यवस्थापनाने कबूल केले की देशाच्या अणुकार्यक्रमातली किरणोत्सारबाधेची ही सर्वांत गंभीर घटना आहे. त्याच दमात कामगारांच्या अतिउत्साहाला आणि चुकीच्या अंदाजाला दोष देण्यात आला. मात्रा मोजणारा बिल्ला लावला नव्हता असेही सांगितले गेले.

साथींनो, बिल्ला लावलाच पाहिजे, त्याबद्दल दुमत नाही. पण बिल्ला धोका टाळत नाही. तो छातीवर लावलेली पावती आहे. किती मात्रा बसली ते मागाहून सांगते. आधी सांगतो तो भिंतीवरचा मॉनिटर, आणि तो बसवणे कामगाराच्या हातात नव्हते.

या घटनेतून मी तीन निष्कर्ष काढतो. पहिला, धोका संघटनेने लेखी कळवला होता. म्हणजे माहिती होती, ऐकण्याची सक्ती नव्हती. दुसरा, बाहेर बातमी गेली ती संघटना होती म्हणून. संघटना नसती तर ती घटना आजही आपल्याला माहीत नसती. तिसरा, ते कर्मचारी कायम नोकरीतले असूनही बदल्यांना सामोरे गेले. कंत्राटी कामगार त्यांच्या जागी असता तर त्याची बदलीही झाली नसती, दुसऱ्या दिवशी त्याचे नाव हजेरीपटावरून गेले असते.

नियामक कोणाचा?

इथे तुम्ही विचाराल, सरकारी तपासणी यंत्रणा कुठे होती? याचे उत्तर समजून घ्या.

अणुऊर्जा नियामक मंडळ १५ नोव्हेंबर १९८३ रोजी स्थापन झाले. कचऱ्यासाठी १९८७ मध्ये वेगळे नियम झाले. परवानगीशिवाय कचऱ्याची विल्हेवाट लावता येणार नाही, नोंदी ठेवल्या पाहिजेत, किरणोत्सार सुरक्षा अधिकारी असला पाहिजे, असे त्यात आहे. कागदावर चांगले आहे. पण मंडळ उत्तरदायी होते अणुऊर्जा आयोगाला, आणि आयोगाचा अध्यक्ष हाच अणुऊर्जा खात्याचा सचिव. ज्याची तपासणी करायची त्याच्याच हाताखाली तपासनीस. गिरणीचा फॅक्टरी इन्स्पेक्टर गिरणीमालकाकडून पगार घेऊ लागला तर काय होईल ते इथे कोणाला समजावून सांगायला नको.

तरीही मंडळात सचोटीची माणसे होती. डॉ. ए. गोपालकृष्णन अध्यक्ष असताना १९९५ मध्ये मंडळाने खात्याच्या प्रकल्पांतील सुमारे १३० सुरक्षा प्रश्नांची यादी तयार केली. त्यांनी पद सोडल्यानंतरही हे प्रश्न जाहीरपणे मांडले. त्यानंतर २००० साली भाभा केंद्राच्या प्रकल्पांची सुरक्षा तपासणी मंडळाकडून काढून केंद्राच्याच अंतर्गत समितीकडे देण्यात आली. आता तारखा जोडा. २००० मध्ये बाहेरचा तपासनीस गेला, २००३ मध्ये कल्पाक्कम घडले. एकामुळेच दुसरे घडले असे मी म्हणत नाही. पण पाच वर्षे मॉनिटर नाही, ही गोष्ट विचारणारा बाहेरचा माणूस राहिला नव्हता, हे खरे आहे.

पुढे जपानमध्ये मार्च २०११ मध्ये फुकुशिमा घडले, तेव्हा आपल्याकडेही जाग आली. सप्टेंबर २०११ मध्ये स्वतंत्र प्राधिकरणाचे विधेयक लोकसभेत मांडले गेले आणि २०१४ मध्ये लोकसभेबरोबर ते संपले. २०१२ मध्ये महालेखापरीक्षकांनी मंडळाच्या कारभारावर अहवाल दिला. देशाचे किरणोत्सार सुरक्षा धोरण तयार करण्याचे काम मंडळाकडे १९८३ पासून होते. ते तोवर झालेले नव्हते, हे त्या अहवालाने दाखवून दिले.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने 'शांती' या संक्षिप्त नावाचा नवा अणुऊर्जा कायदा मंजूर केला. १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि २०१० चा दायित्व कायदा यांची जागा त्याने घेतली. त्यात नियामक मंडळाला कायद्याचा दर्जा दिला आहे. ही मागणी जुनी होती, तिचे स्वागत केले पाहिजे. पण त्याच कायद्याने वीजनिर्मितीचे दार खाजगी कंपन्यांना उघडले. पुनर्प्रक्रिया आणि उच्च पातळीच्या कचऱ्याचे व्यवस्थापन केंद्र सरकारकडेच राहणार आहे. एका अर्थी हे बरे. असा कचरा खाजगी हातात जाऊ नये. दुसरा अर्थही वाचा. वीज विकून नफा कंपनीचा, आणि काचेच्या डब्याची राखण सरकारी तिजोरीतून. वीस-पंचवीस वर्षांनी कंपनीचे नाव बदलेल, मालक बदलेल. डबा तिथेच असेल. म्हणून कंपनीकडून किती पैसे, कोणत्या दराने, आधीच वसूल होणार, हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे. अणुकेंद्र मोडीत काढण्यासाठी आपल्याकडे युनिटमागे २ पैसे जमा करण्याची पद्धत पडली. दोन पैशांत काय मिळते ते घरातल्या बाईला विचारा.

कंत्राट आणि मात्रा

किरणोत्साराच्या कामात एक रूढ पद्धत आहे. काम तीव्र जागी असेल तर ते अनेकांत वाटायचे, म्हणजे कोणाचीच मर्यादा ओलांडली जात नाही. ही पद्धत बेकायदा नाही, कधी कधी आवश्यकही असते. पण कंत्राटी मजूर आला की तिचा अर्थ बदलतो. मर्यादा भरली की त्या माणसाला काम नाही, आणि काम नाही म्हणजे मजुरी नाही. मग मर्यादा भरलेली दिसू नये यात ठेकेदाराचा स्वार्थ असतोच, शिवाय पोटासाठी मजुराचाही स्वार्थ तयार होतो. फुकुशिमात नेमके हेच झाले. अपघातानंतरच्या साफसफाईत एका उपकंत्राटदाराच्या माणसाने मजुरांना मात्रामापक शिशाच्या पत्र्याने झाकायला सांगितले होते, हे २०१२ मध्ये उघडकीस आले. जपानसारख्या शिस्तीच्या देशात असे घडते, कारण दोष माणसाच्या स्वभावात नसून रोजगाराच्या रचनेत आहे.

साधी गोष्ट बिघडली की काय होते त्याचे आणखी एक उदाहरण. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यात मिठाच्या खडकात सहाशे मीटरहून खोल अशी अणुकचऱ्याची कायमची जागा आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये तिथले एक पिंप फुटले आणि वीसहून अधिक कामगारांना बाधा झाली. कारण काय निघाले? पिंप भरताना द्रव शोषून घेण्यासाठी मातीसारखा खनिज पदार्थ घालायचा होता, त्याऐवजी धान्यापासून बनवलेला, मांजरांच्या मळासाठी वापरतात तो पदार्थ घातला गेला. त्याची कचऱ्यातल्या नायट्रेटशी प्रक्रिया झाली आणि पिंप तापले. कामाच्या सूचनेत बदल झाला आणि तो का केला हे विचारायला पुरेसे कोणी नव्हते. ती जागा सुमारे तीन वर्षे बंद राहिली. अब्जावधींचा खर्च, आणि मूळ कारण पिंपात काय घालावे एवढेच. अनुभवी, निर्भय कामगार पिंपाजवळ असणे ही सुरक्षा व्यवस्थेतली चैन नाही, तीच व्यवस्था आहे.

आपल्याकडे नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. कंत्राटी कामगारांचे संरक्षण पूर्वी वीस कामगारांपासून सुरू होत असे, ते आता पन्नासपासून. छोट्या छोट्या ठेक्यांत काम तोडले की माणूस कायद्याबाहेर. कचऱ्याच्या कामात ही पळवाट चालू देता येणार नाही.

पुढे ठेवायचे कुठे?

तारापूरला काचेचे डबे ठेवण्यासाठी १९९९ मध्ये साठवणगृह सुरू झाले. नैसर्गिक हवेच्या झोताने ते थंड राहतात. तिथे ते काही दशके ठेवायचे, आणि मग खोल खडकात कायमचे. ती खोल जागा भारतात अजून नाही. कोलारच्या सोन्याच्या खाणीत पूर्वी सुमारे हजार मीटर खोलीवर प्रयोग झाले. २०१२ मध्ये कुडनकुलमच्या खटल्यात कोलारचे नाव निघताच तिथे एवढा संताप उसळला की सरकारला इन्कार करावा लागला. कोलारच्या खाणकामगारांची वसाहत आधीच उद्ध्वस्त झालेली. त्यांना न विचारता त्यांच्या पायाखाली कचरा ठेवण्याची भाषा झाली, तर दुसरे काय होणार?

६ मे २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कुडनकुलम चालू ठेवले, पण जळक्या इंधनासाठी वेगळे साठवणगृह पाच वर्षांत बांधायला आणि खोल जागेचे काम लवकर हाती घ्यायला सांगितले. पाच वर्षांत साठवणगृह झाले नाही, मुदत वाढवून घ्यावी लागली. जुलै २०१९ मध्ये त्यासाठी ठेवलेली जाहीर सुनावणीही विरोधामुळे पुढे ढकलली गेली. फिनलंडने ओल्किलुओटो येथे चारशे मीटरहून खोल खडकात अशी जागा तयार केली. ती साधली, कारण जागा निवडण्यात स्थानिक नगरपालिकेला नकाराचा अधिकार होता. ज्याला नाही म्हणता येते त्याच्याच होकाराला किंमत असते.

अणुवीज हवी की नको यावर आपल्यात मतभेद आहेत. कोणी म्हणेल केंद्रांवर हजारोंचा रोजगार आहे. कोणी म्हणेल तारापूरच्या विस्तारात अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली, मच्छीमारांची खाडी गेली, त्यांचे काय? दोघांचेही खरे आहे, आणि तो वाद जरूर व्हावा. पण उद्या सकाळी सगळ्या अणुभट्ट्या बंद झाल्या तरी आजवरचा कचरा राहणारच आहे. त्याच्या राखणीच्या प्रश्नावर केंद्रातला कामगार आणि कुंपणाबाहेरचा कोळी एकाच बाजूला आहेत. कारण टाकी गळली तर आधी कामगाराला कळेल आणि मग कोळ्याच्या जाळ्याला.

आपल्या मागण्या

या वर्गाने पुढील मागण्यांचा विचार करावा, अशी माझी विनंती आहे.

१. कचरा हाताळणारा प्रत्येक प्रकल्प, मग तो वीज महामंडळाचा असो, भाभा केंद्राचा असो की उद्याच्या खाजगी कंपनीचा, एकाच स्वतंत्र नियामकाच्या तपासणीखाली यावा. नियामकाने आपला अहवाल संसदेपुढे ठेवावा.

२. कचऱ्याची हाताळणी, मोजणी आणि देखरेख ही कायमस्वरूपी कामे जाहीर करावीत. त्यांवर कंत्राट नको. वर्षानुवर्षे ही कामे केलेल्या कंत्राटी कामगारांना सेवेत सामावून घ्यावे.

३. प्रत्येक कामगाराला त्याच्या भाषेत मात्रापुस्तक द्यावे आणि ते त्याच्याजवळ राहावे. ठेकेदार बदलला, केंद्र बदलले, तरी हिशेब तुटता कामा नये.

४. मॉनिटर चालू नसेल तर आत न जाण्याचा हक्क कायद्याने मिळावा, आणि तो बजावल्याबद्दल बदली, निलंबन वा वेतनकपात होऊ नये.

५. सुरक्षा समितीवर कामगारांनी निवडलेले प्रतिनिधी असावेत. कोणत्याही घटनेची माहिती चोवीस तासांत युनियनला आणि भोवतालच्या ग्रामपंचायतींना तामिळ, मराठी, कन्नड अशा त्यांच्या भाषेत मिळावी.

६. निवृत्तीनंतरही आयुष्यभर वैद्यकीय तपासणी व्हावी. आजार कामामुळे झाला नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी व्यवस्थापनावर असावी. किरणोत्सारापासून कामगारांच्या संरक्षणाचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९६० चा ११५ क्रमांकाचा करार भारताने १९७५ मध्ये मान्य केला आहे. आपण मागतो ते त्या सहीला जागण्यासाठीच.

७. खाजगी कंपन्यांकडून कचऱ्याच्या दीर्घकालीन राखणीचा पूर्ण खर्च आधीच, वेगळ्या सुरक्षित निधीत घ्यावा.

यातली एकही मागणी अशक्य कोटीतली नाही. चौथ्या मागणीकडे मात्र विशेष लक्ष द्या. २००३ मध्ये कल्पाक्कमला तो हक्क असता तर नमुना घेणाऱ्याने एवढेच म्हटले असते, की इथे मॉनिटर नाही, तो बसवा, मग मी आत जातो. थोडा खर्च झाला असता, एखादी पाळी खोळंबली असती, आणि सहा माणसे वाचली असती.

परत गेल्यावर प्रत्येक साथीने दोन कामे करावीत. आपल्या केंद्रावर कचऱ्याच्या कामात किती माणसे कंत्राटी आहेत आणि त्यांच्यापैकी कितींना आपली मात्रा माहीत आहे, याची यादी करावी. आणि ती माणसे युनियनची सभासद नसतील तर त्यांना सभासद करून घ्यावे. कायम कामगारांच्या काही युनियन्स कंत्राटी बांधवांकडे पाठ फिरवून बसतात. टाकीजवळ हा भेद टिकत नाही. व्हॉल्व्ह गळतो तेव्हा तो कोणाच्या नेमणूकपत्रावर काय लिहिले आहे ते पाहत नाही.

ही यादी घेऊन आपण पुढच्या अधिवेशनात भेटू.  आता प्रश्न विचारा.